ओकच्या सावलीतलं रानजिरेनियम: लावायचं कसं, जपायचं कसं

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या सावरलँडच्या डोंगरात फिरायला गेलात, तर डोक्यावरच्या ओकला नुकती पालवी फुटलेली दिसेल. पानं अजून बोटाच्या पेराएवढीच असतात, त्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत उतरतं. त्या उन्हात, गेल्या वर्षीच्या तपकिरी पाचोळ्यातून वर आलेली गुलाबी-जांभळी फुलं वाऱ्यावर हलत असतात. पाच पाकळ्या, साधारण दीड इंच रुंदी, पाकळ्यांवर मध्याकडे जाणाऱ्या बारीक रेषा. हेच इथलं वाइल्ड जिरेनियम. शास्त्रीय नाव जिरेनियम मॅक्युलाटम.

ते मी माझ्या अंगणात आणलं त्याला आता बरीच वर्षं झाली. सुरुवातीची तीन रोपं मेली. ती का मेली हे कळल्यावर लावलेली मात्र जगली, पसरली, आणि आता त्यांच्यावर मधमाश्या येतात. या काळात एक गोष्ट पक्की समजली: रोप लावणं हे काम छोटं आहे, खरं काम त्याच्याखालची जमीन तयार करण्याचं आहे. म्हणून या लेखात रोपापेक्षा जमिनीबद्दल जास्त वाचायला मिळेल.

आधी नावाचा गोंधळ मिटवू

मराठीत ‘जिरेनियम’ असं शोधलंत की पहिल्यांदा जिरेनियमची शेती समोर येते. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत बऱ्याच शेतकऱ्यांनी सुगंधी तेलासाठी ती केली आहे. ते झाड वेगळं. ते पेलार्गोनियम, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत आणि इथल्या घरांच्या पायऱ्यांवर कुंडीत लाल फुलांचे झुबके येतात, तेही पेलार्गोनियमच. ते थंडीत गोठून मरतं. आपलं रानजिरेनियम शून्याखाली वीस-पंचवीस अंश सेल्सियस थंडी जमिनीखाली झोपून काढतं आणि वसंतात पुन्हा उठतं.

दोन्ही एकाच कुळातली, आणि नावं पक्ष्यांवरून पडलेली. ग्रीक भाषेत गेरानोस म्हणजे क्रौंच. जिरेनियमची शेंग क्रौंचाच्या लांब चोचीसारखी दिसते, म्हणून ते नाव. गोंदियाच्या भातखाचरांत दिसणारा सारस हा त्याच क्रौंचांच्या कुळातला. पेलार्गोस म्हणजे करकोचा, त्यावरून पेलार्गोनियम. याच कुळात इरोडियम नावाची तिसरी मंडळी आहेत, ती बगळ्यावरून. 1753 मध्ये लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या सगळ्यांना जिरेनियमच म्हटलं होतं, पेलार्गोनियम पुढे 1789 मध्ये वेगळं काढलं गेलं. शास्त्राने वेगळं काढलं तरी दुकानदारांच्या तोंडी जुनं नाव राहिलं, आणि ग्राहक आजही त्यात अडकतो. मीही अडकले होते. एका मोठ्या दुकानातून ‘जिरेनियम’ अशी पाटी पाहून आणलेली रोपं पहिल्याच हिवाळ्यात काळी पडली, कारण ती पेलार्गोनियमची होती.

नर्सरीत गेलात की पाटीवर ‘मॅक्युलाटम’ हा शब्द शोधा. तो नसेल तर घेऊ नका. ‘रोझॅन’ नावाचं निळ्या फुलांचं जिरेनियम सगळीकडे मिळतं. ते सुंदर आहे, पण तो संकर आहे आणि त्याचे दोन्ही पालक हिमालयातले. ‘सँग्विनियम’ युरोपातलं. दोन्ही बागेत खुशाल लावा, पण त्यांना इथलं रानफूल समजून लावू नका.

भारतातले नातेवाईक विचारतात, बी पाठवशील का? नाही. या झाडाला गोठणारा हिवाळा लागतो, तो महाबळेश्वरलाही मिळत नाही. शिवाय देशाबाहेर बी-रोपं अशी पाकिटातून पाठवायची नसतात. हिमालयात काश्मीरपासून नेपाळपर्यंत जिरेनियम वॉलिचियानम नावाचं त्याचं भावंड उगवतं. त्या बाजूला ट्रेकला गेलात तर ते तिथेच बघा.

ते राहतं कुठे

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, मेनपासून जॉर्जियापर्यंत आणि पश्चिमेला मिनेसोटा, मिझुरीपर्यंत हे झाड आपणहून उगवतं. कॅनडात दक्षिण ऑन्टॅरिओतही आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या थंडीच्या नकाशात म्हणायचं तर झोन 3 ते 8 (आकडा लहान तितकी थंडी जास्त). त्याचं घर म्हणजे पानगळीचं जंगल: ओक, हिकरी, शुगर मेपल, बीच. जंगलाच्या आत किर्र सावलीत ते कमी फुलतं. जंगलाची कड, पायवाटेच्या बाजू, ओढ्याकाठची थोडी उंच जमीन इथे ते भरभरून येतं.

साताऱ्याला वाढलेल्या माझ्यासारखीला रानफुलं म्हटलं की पावसाळा आठवतो. कासच्या पठारावरची फुलं पावसाच्या घड्याळावर चालतात: पाऊस आला, कातळावरच्या चिमूटभर मातीत ओल आली, की फुलून, बी टाकून मोकळी. इथल्या जंगलातली वासंतिक फुलं उजेडाच्या घड्याळावर चालतात. बर्फ वितळल्यापासून झाडांची पानं मोठी होईपर्यंत, म्हणजे एप्रिल आणि मेचे मिळून सहा-सात आठवडे, जमिनीवर ऊन असतं. त्या मुदतीत पानं काढायची, फुलायचं, मधमाशीला बोलवायचं. काही वनस्पती तर जूनपर्यंत जमिनीवरून दिसेनाशा होतात. आपलं जिरेनियम एवढं घाईत नसतं. त्याची पानं जमिनीत ओल असेल तर उन्हाळाभर टिकतात आणि शरदात छान तांबूस होतात.

ओळखायला पान पुरेसं आहे. हाताच्या पंजासारखं, पाच खोल भागांत विभागलेलं, कडांना दाते. मुळापासून निघणाऱ्या पानांचे देठ लांब. फुलांच्या दांड्यावर मात्र समोरासमोर दोनच पानं. सगळं झाड फूट-दीड फुटाचं, फार तर दोन फूट. जमिनीखाली आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं, जाड, तपकिरी खोड असतं. त्यात टॅनिन भरपूर, म्हणून ते चवीला तुरट. चेरोकी आणि इरोक्वाय हे इथले मूळ रहिवासी या गड्ड्याचा औषधी उपयोग करत आले आहेत. आपण तो घरी करून बघू नये.

रोप विकत घेण्याआधी एकदा हे सगळं जंगलात जाऊन बघा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडे राहत असाल तर डेलावेअर नदीकाठी न्यू होपजवळ बोमन्स हिल वाइल्डफ्लॉवर प्रिझर्व्ह आहे, 1934 पासून. तिथे एप्रिल-मेमध्ये जा. फुलांचे फोटो काढाच, पण एकदा खाली बसून पाचोळा दोन बोटांनी बाजूला करा आणि माती बघा. वर अख्खी पानं, त्याखाली अर्धवट कुजलेली, त्याखाली काळी, भुसभुशीत, ओलसर, पावसानंतरच्या वासाची माती. आपल्या अंगणात ती बनवायची आहे. बघून झालं की पाचोळा परत होता तसा सारखा करा.

आणि तिथून रोप उपटून आणू नका, एकसुद्धा नाही. संरक्षित जागेत तो गुन्हा आहे, आणि तसं आणलेलं रोप बहुधा जगतही नाही.

जागा निवडणं

मेच्या मध्यावर एकदा आणि जुलैच्या मध्यावर एकदा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अंगणात कुठे ऊन पडतं ते लिहून काढा. हवी ती जागा अशी: एप्रिल-मेमध्ये चार-पाच तास ऊन, जूननंतर झाडाची पाझरती सावली. पानगळीच्या झाडाची पूर्वेकडची बाजू सगळ्यात चांगली. घराच्या पूर्वेची भिंतही चालते, कारण दुपारचं कडक ऊन तिथे येत नाही. जमीन सतत ओलसर असेल तर हे झाड पूर्ण उन्हातही तग धरतं, पण कोरड्या उन्हात जुलैतच पिवळं पडतं.

झाड कोणतं आहे यालाही महत्त्व आहे. ओकखाली उत्तम. काळ्या अक्रोडाखाली पुष्कळ झाडं मरतात, हे तिथेही जगतं. पण नॉर्वे मेपल असेल तर सोडून द्या. उपनगरांत रस्तोरस्ती लावलेलं हे युरोपातलं झाड. त्याची सावली दाट आणि मुळं जमिनीच्या वरच्या थरात जाळ्यासारखी, ती खालचं पाणी सगळं पिऊन टाकतात. माझी पहिली तीन रोपं त्याच्याच खाली गेली. मी पाणी घालत राहिले आणि मेपल पीत राहिला.

पाणी साचतं का तेही बघा. एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर ती जागा नको.

जमीन घडवणं: ऑक्टोबर ते मार्च

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. घाई असेल तर बाकीचं वगळा, हे वाचा.

इथली घरं बांधताना वरची चांगली माती खरवडून काढतात आणि उरलेल्या घट्ट मातीवर गवताचा गालिचा अंथरतात. मग दर शरदात पानं यंत्राने उडवून, पिशव्यांत भरून, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवतात. म्हणजे झाड जमिनीला जे परत देतं ते आपण दरवर्षी उचलून बाहेर टाकतो, आणि वसंतात दुकानातून खताची पोती आणतो. रानजिरेनियमला ते पोतं नकोच आहे. त्याला ती पानं हवी आहेत.

ऑक्टोबरच्या शेवटी, पानगळ भरात असताना, निवडलेल्या जागेवरचं गवत शक्य तितकं खाली कापा. त्यावर साधे पुठ्ठे अंथरा. आपल्या घरांत येणाऱ्या पार्सलांचे तपकिरी खोके चालतात. चिकटपट्ट्या आणि लेबलं काढून टाका, चकचकीत छपाईचे घेऊ नका. पुठ्ठे एकमेकांवर सहा इंच चढलेले असावेत, नाहीतर फटीतून गवत वर येतं. ते नळीने चिंब भिजवा. त्यावर सहा ते आठ इंच पानं. ओकची पानं चिवट असतात, अख्खी ठेवली तर थर चिकटून बसतो. त्यांच्यावरून एकदा गवत कापायचं यंत्र फिरवलं की तुकडे होतात आणि लवकर कुजतात. वर थोड्या काटक्या टाका म्हणजे वाऱ्याने उडत नाहीत. एवढं करून हिवाळाभर हात लावू नका. एप्रिलपर्यंत थर निम्म्यावर येतो, पुठ्ठा मऊ होऊन बोटाने फाटतो आणि खालचं गवत मेलेलं असतं.

मोठ्या झाडाखाली काम करताना फावड्याने जमीन खणू नका, यंत्राने नांगरू तर मुळीच नका. झाडाची श्वास घेणारी मुळं वरच्या फुटभरातच असतात. बाहेरून माती आणून टाकायची असेल तर दोन इंचांपेक्षा जास्त नको, आणि बुंध्याला टेकवायची नाही.

मातीची तपासणी करावी का? एकदा करा. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. इतर राज्यांतही अशी सोय बहुधा राज्य विद्यापीठाकडे असते. आम्ल-अल्कतेचा आकडा, म्हणजे पीएच, 6 ते 7 च्या आसपास असला की पुरे. थोडा खाली असला तरी काळजी नको. चुना आणि रासायनिक खतं टाकू नका. जास्त नत्र मिळालं की पानं लुसलुशीत होऊन आडवी पडतात आणि फुलं कमी येतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या शिकवणीच्या उलट आहे. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे आपण शाळेपासून ऐकलं आणि आपल्या शेतात ते खरंच आहे. पण उत्तर न्यू जर्सीपासून वरचा प्रदेश हिमयुगात बर्फाच्या थराखाली होता आणि तिथे मूळची गांडुळं उरलीच नाहीत. तिथली जंगलं गांडुळांवाचून घडली. बाहेरून आलेली गांडुळं, त्यातही आशियातून आलेली उड्या मारणारी, पाचोळ्याचा थर एका हंगामात फस्त करतात, आणि त्या थरात रुजणारी रोपं उघडी पडतात. उन्हाळ्याच्या शेवटी माती कॉफीच्या चोथ्यासारखी रवाळ दिसली आणि हात लावताच सापासारखं वळवळणारं गांडूळ निघालं, तर ते हेच. म्हणून गांडूळखत, आणि कुठून आलं ते माहीत नसलेलं कंपोस्ट, या वाफ्यात नको.

रोपं आणणं आणि लावणं

सुरुवात विकतच्या रोपांनी करा. देशी रोपांच्या नर्सरीतून, शक्यतो आपल्याच भागातल्या बियांपासून केलेली घ्या. नर्सरीला दोन प्रश्न विचारा: बी कुठलं, आणि रोपांवर निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक वापरलं आहे का. हे विष झाडाच्या रसात भिनतं आणि पराग-मधातून मधमाशीच्या पोटात जातं. उत्तर ठामपणे ‘नाही’ असं मिळालं नाही तर दुसरीकडे जा.

किमान पाच रोपं घ्या, सात घेतलीत तर आणखी चांगलं. कारण एकच रोप लावलं तर ते शोभेचं होतं. पाच-सात एकत्र असली तर माशीला तिथवर येणं परवडतं, आणि वेगवेगळ्या बियांपासूनची असली तर परागीभवनही चांगलं होतं. ‘एस्प्रेसो’ नावाचा गडद तपकिरी पानांचा प्रकारही मिळतो. दिसायला छान आहे, पण मी साधंच निवडते.

लावायची वेळ एप्रिलचे शेवटचे दोन आठवडे, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. मला सप्टेंबर जास्त आवडतो: माती उबदार, हवा गार, पाणी कमी लागतं.

पाचोळा बाजूला सारा, मऊ पुठ्ठ्याला भोक पाडा, कुंडीएवढाच खोल आणि दुप्पट रुंद खड्डा करा. कुंडीत मुळं गोल फिरली असतील तर बोटांनी मोकळी करा. नुसता गड्डा आणला असेल तर तो आडवा ठेवा, कोंब वरच्या बाजूला, वर जेमतेम इंचभर माती. खोल पुरलात तर सडतो. दोन रोपांत सव्वा ते दीड फूट अंतर ठेवा, पण रांगेत लावू नका. मूठभर खडे जमिनीवर टाका आणि जिथे पडतील तिथे लावा. भरपूर पाणी घाला आणि पाचोळा परत ओढून घ्या, रोपाच्या मध्यावर तेवढा नको. रंगवलेले लाकडी तुकडे आच्छादन म्हणून वापरू नका, पानं असताना त्यांची गरज नाही.

पहिल्या वर्षी पाऊस नसेल तर आठवड्याला इंचभर पाणी, एकदाच पण खोलवर. दुसऱ्या वर्षापासून फक्त मोठ्या उघडीपीत. उन्हाळ्यात पानं पिवळी पडून रोप नाहीसं झालं तर मेलं असं समजून उपटू नका. जागेवर काठी रोवून ठेवा आणि पुढचा एप्रिल येऊ द्या.

बियांपासून

हे सावकाशीचं काम आहे, फुलाला दोन-तीन वर्षं लागतात, पण या झाडाची खरी ओळख त्यातूनच होते.

फूल गळलं की मधून चोच वाढायला लागते, हिरवी, सरळ, वर आकाशाकडे रोखलेली. तिच्या तळाशी पाच घरं, प्रत्येकात एक बी. साधारण महिन्याभरात चोच तपकिरी होते. सुकता सुकता तिच्यावरच्या पाच पट्ट्या ताणल्या जातात, आणि एका कोरड्या दुपारी त्या तळापासून सुटून वर वळतात आणि गोफणीसारखं बी काही फूट लांब भिरकावतात. रिकामी झालेली चोच पाच हातांच्या झुंबरासारखी दिसते. ती दिसली म्हणजे तुम्हाला उशीर झाला.

म्हणून चोच हिरवी असतानाच तिच्यावर पातळ मलमलीची किंवा जाळीची लहान पिशवी बांधा. लग्नात अक्षता किंवा सुपारी देतात तसली चालते. बी पिशवीतच उडतं. एका झाडाचं सगळं घेऊ नका, निम्म्याहून जास्त तिथेच पडू द्या.

बी ताजं असताना थेट वाफ्यात पेरणं सगळ्यात सोपं: पाचोळ्याखाली पाव इंच, आणि खुणेची काठी. हिशेब ठेवून करायचं असेल तर दुधाचा एक गॅलनचा कॅन घ्या. मुठीच्या खालून तो आडवा कापा, पण मुठीकडची बाजू थोडी जोडलेली राहू द्या म्हणजे झाकणासारखा उघडतो. तळाला सात-आठ भोकं पाडा. कुंडीत भरतात तसलं मातीचं ओलं मिश्रण चार इंच भरा, बी खरखरीत कागदावर हलक्या हाताने एकदा घासून पेरा, कापलेली कड चिकटपट्टीने बंद करा. वरचं बूच काढून टाका, पाऊस-बर्फाचं पाणी तिथूनच आत जातं. डिसेंबरच्या शेवटी हा कॅन बाहेर उघड्यावर ठेवा आणि विसरा. या बियांना साधारण तीन महिने ओली थंडी लागते, त्याशिवाय त्या जाग्या होत नाहीत. एप्रिलमध्ये कोंब दिसतात. ज्यांच्याकडे बाहेर जागा नाही त्यांनी बी ओल्या वाळूत मिसळून पिशवीत बंद करून तेवढेच महिने फ्रिजमध्ये ठेवावं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही.

शेजारी कोण हवेत

ओल कमी पडली तर एकट्या जिरेनियमचा वाफा जुलैपर्यंत उघडा पडतो आणि उघड्या जमिनीवर तण येतं. जंगलात ते एकटं नसतंच. माझ्याकडे त्याच्याबरोबर निळं वुडलँड फ्लॉक्स आहे, लाल-पिवळं कोलंबाइन, फोमफ्लॉवर, पिवळं गोल्डन रॅगवर्ट, सॉलोमन्स सील, आणि मधल्या जागा भरायला पेनसिल्व्हेनिया सेज नावाचं केसांसारखं बारीक गवत. ख्रिसमस फर्न वर्षभर हिरवं राहतं, हिवाळ्यात तेवढाच आधार. मेअॅपल सुंदर आहे पण दहा वर्षांत सगळी जागा घेईल, लहान अंगणात नको. व्हर्जिनिया ब्लूबेल्स जूनमध्ये नाहीशी होतात आणि त्यांची मोकळी झालेली जागा जिरेनियमची पानं भरून काढतात, ही जोडी मला फार आवडते.

नको असलेले दोघे मात्र ओळखून ठेवा. पहिला गार्लिक मस्टर्ड: पांढरी चार पाकळ्यांची फुलं, पान चुरगळलं की लसणाचा वास. युरोपातून आला, 1868 मध्ये लाँग आयलंडवर नोंद झाली, आणि आता पूर्वेच्या जंगलांत सगळीकडे आहे. त्याच्या मुळांतली द्रव्यं मातीतल्या उपयोगी बुरशीला मारतात. फुलोरा येताच, शेंगा धरायच्या आत, मुळासकट उपटा आणि पिशवीत भरून कचऱ्यात टाका. उपटून तिथेच टाकला तरी तो बी पिकवतो. दुसरं जपानी स्टिल्टग्रास: पानाच्या मध्यावर चंदेरी रेघ असलेलं लोळणारं गवत. ते एका वर्षाचंच, म्हणून ऑगस्टच्या शेवटी, बी धरायच्या आधी उपटा. आधी उपटलंत तर नवीन उगवायला वेळ मिळतो. सावरलँडमध्ये अॅशची झाडं एका हिरव्या भुंग्याने मेली. हा भुंगा न्यू जर्सीत पहिल्यांदा 2014 मध्ये ब्रिजवॉटरला सापडला. झाडं मेल्यावर वर आभाळ उघडं पडलं आणि खाली हे गवत धावत सुटलं. तिथल्या जिरेनियमची आज ही सगळ्यात मोठी अडचण आहे.

हरणं याच्याकडे सहसा फिरकत नाहीत, टॅनिनमुळे चव तुरट. सशांना मात्र कोवळं रोप चालतं. पहिल्या वसंतात फूटभर उंचीची जाळी गोल उभी करा. पानांवर कधी डाग येतात, कधी गोगलगाय खाते. त्यासाठी फवारणी करू नका. झाडाला काही होत नाही.

मधमाशीसाठी

1787 मध्ये जर्मनीत ख्रिस्तियान कॉन्राड श्प्रेंगेल नावाच्या शिक्षकाने युरोपातल्या एका रानजिरेनियमच्या पाकळ्यांच्या तळाशी बारीक लव पाहिली. ही लव कशाला, असा प्रश्न त्याला पडला. लव मधाला पावसापासून झाकते, आणि तो मध किड्यांसाठी आहे, हे त्याच्या लक्षात आलं. त्या एका निरीक्षणातून त्याने पुढे फूल आणि किडा यांच्या नात्याचा अभ्यास उभा केला आणि 1793 मध्ये ग्रंथ छापला. तुमच्या अंगणातल्या फुलाच्या पाकळ्यांच्या तळाशीही ती लव आहे. भिंग घेऊन बघा. मुलांना दाखवा.

फुलाचं वय कसं ओळखायचं तेही त्यांना दाखवा. नव्या फुलात दहा पुंकेसर परागांनी भरलेले असतात आणि मधली कुक्षी मिटलेली. एक-दोन दिवसांनी पराग संपतात आणि मग कुक्षी पाच बोटांसारखी उघडते. आधी नर, मग मादी. स्वतःचे पराग स्वतःवर पडणं त्यामुळे टळतं.

आणि एक मधमाशी फक्त यासाठीच येते. आंद्रेना डिस्टान्स, जमिनीत बीळ करून एकटी राहणारी लहान माशी. आपल्या पिल्लांसाठी ती रानजिरेनियमचेच पराग गोळा करते. जिथे हे फूल नाही, तिथे ती नाही. तिच्यासाठी करायच्या गोष्टी दोनच आहेत. वाफ्याजवळ उन्हाची हातभर जमीन पाचोळ्याशिवाय, उघडी ठेवा. आणि डासांसाठी अंगण फवारणाऱ्यांना बोलावू नका. आमच्या वस्तीच्या समितीने एका वर्षी सगळ्यांच्या वतीने फवारणी ठरवली तेव्हा मी बैठकीत जाऊन आमचं अंगण वगळायला लावलं. तासभर वाद झाला. शेवटी लेखी दिलं की साचलेलं पाणी मी स्वतः दर आठवड्याला काढीन, आणि तसं काढते. डास पाण्यात वाढतात, फुलांत नाही.

चौथ्या वर्षानंतर

तोवर गड्डे पसरून रोपांचे गुच्छ झालेले असतात. सप्टेंबरमध्ये एखादा गुच्छ बागकामाच्या काट्याने उचला, गड्ड्यांचे तुकडे करा, प्रत्येकाला किमान एक कोंब आणि थोडी मुळं हवीत. सुरी आधी स्पिरिटने पुसा. अर्धे परत लावा, अर्धे वाटा.

वाटताना मात्र एक नियम पाळा. माती लागलेलं रोप कुणाला देऊ नका, कुणाकडून घेऊ नका, कारण त्या मातीतून उड्या मारणाऱ्या गांडुळांची अंडी जातात आणि ती मोहरीएवढी, मातीच्याच रंगाची असल्यामुळे दिसत नाहीत. गड्डे बादलीत बुडवून, मग नळाखाली चोळून, मुळं स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर पिशवी. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात असे आठवडाभर राहतात. गुंडाळीवर नाव, तारीख आणि कोंब कोणत्या बाजूला आहे त्याचा बाण काढून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याच्या हातून तो उलटा पुरला जाणार नाही.